इंजिनाचे नियम बदलले की कंपन्या येतात का, पळतात का?

दट्ट्या

रेनोने एफ-वनसाठी (फॉर्म्युला वन शर्यतींसाठी) इंजिन बनवणं थांबवलं, त्यावर व्हायला हवी तेवढी चर्चा झाली नाही. १९७७ मध्ये टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) आणणारी हीच कंपनी. इंजिन पुरवठादार म्हणून कन्स्ट्रक्टर्सची (म्हणजे संघांची) १२ विजेतेपदं नावावर. आणि २०२६चे नियम दारात असताना फ्रान्समधल्या व्हिरी-शातियाँचा इंजिन विभाग गुंडाळला, स्वतःच्याच अल्पीन संघाच्या गाडीत मर्सिडीजचं इंजिन घालायचं ठरलं.

त्याच नियमांकडे बघून ऑडी पहिल्यांदा येते. होंडा निरोप घेऊन झाल्यावर परत येते. फोर्ड रेड बुलचा हात धरते. जीएमने २०२९ साठी स्वतःच्या इंजिनाची परवानगी मिळवली आहे. नियमांची वही एकच, पण ती वाचून एकजण आत येतो आणि एकजण बाहेर पडतो.

माझं मत थोडक्यात: नियम हे निमित्त. निर्णय संचालकांच्या बैठकीत आधीच झालेला असतो, नियमबदल म्हणजे ते जाहीर करायचा मुहूर्त. पटत नसेल तर हाणा. आणि या सगळ्यातून रस्त्यावरच्या गाडीला काही मिळतं का, यावरही लिहा.

नवखी

वाचतेय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

गियरमामा

दट्ट्या, निमित्त म्हणून सोडून देऊ नका. टर्बोची गोष्ट मुळातून बघा.

१९६६ पासून नियम असा होता की साधं इंजिन असेल तर ३ लिटर, सुपरचार्ज केलेलं (हवा दाबून भरणारं, यात टर्बोही आला) असेल तर १.५ लिटर. हे दुसरं कलम अकरा वर्षं वहीत पडून होतं. निम्म्या आकाराच्या इंजिनातून तेवढी ताकद निघणार नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. रेनोकडे ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीच्या तयारीतून आलेलं टर्बोचं ज्ञान होतं, त्यांनी ते कलम उचललं. १९७७ ला सिल्व्हरस्टोनला गाडी आली, धूर सोडत थांबली, लोकांनी तिला 'पिवळी किटली' म्हणून हिणवलं. १९७९ ला दिजाँला जाबुईने तीच किटली पहिली आणली. मग हसणाऱ्यांनाच टर्बो शोधत फिरावं लागलं.

आता पुढची गंमत. टर्बो आणला रेनोने, पण टर्बोवरचं पहिलं चालकांचं विजेतेपद १९८३ ला पिकेने मिळवलं, बीएमडब्ल्यूच्या चार सिलिंडरच्या इंजिनावर. त्या इंजिनाचा ओतीव लोखंडी ब्लॉक साठच्या दशकातल्या साध्या रस्त्यावरच्या गाडीच्या इंजिनावरून आलेला. मग १९८४ पासून लागोपाठ तीन वर्षं टॅग-पोर्शे, म्हणजे मॅक्लारेनसाठी पोर्शेने बनवलेलं इंजिन. रेनोला चालकांचं विजेतेपद स्वतःच्या टर्बोवर कधीच मिळालं नाही.

टर्बोंना आवरायला नियम कसे आवळत नेले तेही बघा. १९८४ ला शर्यतीला २२० लिटर इंधन, १९८६ ला १९५, १९८८ ला १५० लिटर आणि बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) २.५ बारवर. १९८९ पासून टर्बो बंद हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकाच वर्षासाठी कोण खर्च करणार? होंडाने केला. त्या शेवटच्या वर्षासाठी वेगळं इंजिन घडवलं आणि मॅक्लारेनने १६ पैकी १५ शर्यती मारल्या. टर्बोचा गळा दाबायला केलेला नियम, आणि त्याच्याच जिवावर होंडाचं सगळ्यात मोठं वर्ष.

तिरकस

मामा, गोष्ट फर्मास, पण मुद्दा दट्ट्याचाच. कंपन्या नियमांना घाबरत नाहीत, ताळेबंदाला घाबरतात.

डिसेंबर २००८ ला होंडा गेली. जुलै २००९ ला बीएमडब्ल्यूने जाहीर केलं. नोव्हेंबर २००९ ला टोयोटा. अकरा महिन्यांत तीन! त्या काळात इंजिनाचे नियम बदलत होते का? उलट २००७ पासून इंजिनं गोठवलेली होती. इतके स्थिर नियम एफ-वनने क्वचित पाहिले असतील. तरी तिघांनी पळ काढला, कारण जगभर गाड्या खपेनाशा झाल्या होत्या.

आणि होंडाने सोडलेला संघ मर्सिडीजचं इंजिन लावून २००९ ला दोन्ही विजेतेपदं घेऊन गेला. यावर टोकियोत कोणी किती दात-ओठ खाल्ले असतील देव जाणे.

कॅमशाफ्ट_काकू

तिरकस, गोठवणं हाही नियमच हो. आणि माझ्या मते कंपन्यांना सगळ्यात जास्त नासवणारा.

२००६ ला तीन लिटरचं व्ही-१० (इंग्रजी व्हीसारख्या दोन रांगांत दहा सिलिंडर) जाऊन २.४ लिटरचं व्ही-८ आलं. नुसतं आकारमान ठरवून भागलं नाही. दोन रांगांमधला कोन ९० अंशच, वजन किमान ९५ किलो, गुरुत्वमध्य इतक्याच उंचीवर, बोअर इतकाच. २००७ ला त्यावर कुलूप, १९,००० आरपीएमची मर्यादा, दोन वर्षांनी १८,०००. मग सांगा, शेकडो इंजिनिअर पोसणाऱ्या कंपनीने त्यांना काम काय द्यायचं? आणि जाहिरातीत काय लिहायचं, 'आमचंही इंजिन इतरांसारखंच'? मंदीने धक्का दिला हे खरं, पण बसायला कारणच उरलेलं नसेल तर उठायला कितीसा धक्का लागतो?

रस्त्यावरच्या गाडीचा प्रश्न विचारलाय, तर याच काळातली दोन उदाहरणं. बीएमडब्ल्यूने एम-५ मध्ये पाच लिटरचं व्ही-१० बसवलं, एफ-वनचं नाव घेऊन. गाडी नुकती बाजारात रुळतेय तोवर एफ-वनमधून व्ही-१० हद्दपार. लेक्ससच्या एलएफएची तर कमालच. व्ही-१० घेऊन ती गिऱ्हाइकाच्या हाती पडायला २०१० संपत आलं. तोवर एफ-वनमधून व्ही-१० जाऊन पाच वर्षं झालेली, आणि टोयोटा स्वतःही गेलेली! आवाज मात्र अप्रतिम. त्यासाठी सगळं माफ.

पिटलेन_पंत

+१ काकू.

टोयोटाचं नशीबच तसं. त्यांची तयारी व्ही-१२ ची चालली होती, तेवढ्यात सगळ्यांनी व्ही-१० च वापरायचं असं ठरलं. येणं २००२ वर गेलं. नंतर आठ हंगाम, एकही विजय नाही.

नवखी

मध्येच विचारते, हे एमजीयू-एच प्रकरण काय आहे? २०२६ च्या प्रत्येक चर्चेत 'ते काढलं' एवढंच वाचायला मिळतं.

कॅमशाफ्ट_काकू

नवखी, टर्बोत एका दांड्यावर दोन चक्रं असतात. एक्झॉस्टचा गरम वायू टर्बाइन फिरवतो, टर्बाइन कंप्रेसर फिरवतो, कंप्रेसर इंजिनात जास्त हवा कोंबतो. २०१४ च्या नियमांनी त्याच दांड्यावर विजेची मोटर बसवायला मुभा दिली, ती एमजीयू-एच. वायूत गरजेपेक्षा जास्त जोर असला की ती वीज बनवते. चालकाने पाय उचलला की तीच मोटर वीज घेऊन कंप्रेसर फिरता ठेवते, म्हणजे पुन्हा पाय दिल्यावर टर्बो जागा व्हायची वाट बघावी लागत नाही. वेगाची मर्यादा मिनिटाला १,२५,००० फेरे.

मर्सिडीजने कंप्रेसर इंजिनाच्या पुढे, टर्बाइन मागे आणि मोटर मध्ये अशी मांडणी केली. २०१४ ला १९ पैकी १६ शर्यती. बाकीचे गाडीच्या मागच्या बाजूचे फोटो बघत बसले.

गियरमामा

आणि होंडाने २०१५ ला उलट केलं. मॅक्लारेनला मागची बाजू निमुळती हवी होती म्हणून कंप्रेसर छोटा करून सिलिंडरांच्या दोन रांगांमध्ये दडवला. हवा पुरेना, वीज पुरेना. सुझुकाला, होंडाच्या घरच्या ट्रॅकवर, मॅक्लारेनचा चालक अलोन्सो रेडिओवर 'जीपी-टू इंजिन' (म्हणजे खालच्या दर्जाच्या शर्यतीतलं) म्हणून ओरडला. २०१७ ला मांडणी बदलली तर दांडा थरथरायला लागला. शेवटी होंडाच्या विमान-इंजिनवाल्यांनी हात लावला तेव्हा ते सुटलं. दट्ट्या, नियमाचा कंपनीवर परिणाम म्हणाल तर हा. शर्यतीच्या विभागाला विमानाच्या विभागाचं दार ठोठवावं लागलं.

अर्धवट_मेकॅनिक

त्यात टोकनांचा घोळ विसरू नका. इंजिनात वर्षभरात किती बदल करायचे ते टोकनांनी मोजायचे. आधी होंडाला सांगितलं तुम्ही नवे, तुम्हाला एकही नाही. मग ओरड झाल्यावर इतरांच्या उरलेल्या टोकनांची सरासरी काढून दिली. पोहायला येत नसलेल्याला पाण्यात ढकलायचं आणि वर हातपाय किती हलवलेस ते मोजायचं. २०१७ ला टोकनं रद्द झाली, पण तोवर लोकांच्या मनात 'होंडा म्हणजे बंद पडणारं इंजिन' बसलं ते बसलंच. विक्रीवाल्यांना विचारा.

तिरकस

तीच होंडा, ऑक्टोबर २०२० ला 'आम्ही २०२१ अखेर जातो' म्हणाली. कारण काय, तर २०५० पर्यंत कार्बन न्यूट्रल व्हायचंय, माणसं तिकडे हवीत. जाता जाता होंडाच्या इंजिनावर व्हेरस्टापेन विजेता. मग मे २०२३ ला, 'आम्ही २०२६ ला अ‍ॅस्टन मार्टिनबरोबर परत येतो'. कारण काय, तर कार्बन न्यूट्रल व्हायचंय!

दट्ट्याशी मी शंभर टक्के सहमत. निर्णय आधी, कारण नंतर.

कॅमशाफ्ट_काकू

छान काडी टाकलीत, पण मधला भाग खाल्लात. २०२० आणि २०२३ च्या मध्ये २०२६ चे नियम आले. विजेचा वाटा जवळजवळ निम्मा, मागच्या चाकांच्या मोटरची ताकद १२० वरून ३५० किलोवॅट, इंधन पूर्ण शाश्वत. जी माणसं तिकडे हवी होती त्यांचंच काम इकडे आलं. कारण तेच राहिलं, नियम बदलला, म्हणून निर्णय फिरला. हे तुमच्याच विरोधातलं उदाहरण आहे.

पिटलेन_पंत

तिरकस, झेपलं का? :)

बाइकवेडा

चारचाकीवाले भांडताहेत तोवर दुचाकी. मोटोजीपीत २००२ ला ५०० सीसी टू-स्ट्रोकच्या जागी ९९० सीसी फोर-स्ट्रोक आलं आणि २००३ ला डुकाटी आली. डुकाटीचा धंदा फोर-स्ट्रोकचा, टू-स्ट्रोकमध्ये येऊन ती काय विकणार होती? २००७ ला ८०० सीसी केलं तर पहिल्याच वर्षी स्टोनरने डुकाटीवर विजेतेपद नेलं, जपानी बघत राहिले. म्हणजे नियमाने कंपनी आणली, नियमाने जिंकवली.

पण सुझुकीने २०२० ला विजेतेपद मिळवलं, २०२६ पर्यंतचा करार केला आणि २०२२ ला सोडून गेली. तिथे नियमांचा काही संबंध नाही. दोन्ही बाजूंना एकेक गुण. २०२७ ला ८५० सीसी येतंय, तेव्हा बोलू.

संपादक_मंडळ

मोटोजीपीसाठी वेगळा धागा काढावा, इथे गाड्यांवरच राहू.

बाइकवेडा

दुचाकीला कायम सवतीची वागणूक. जातो.

जुनाट_जाळी

एफ-वनच्या बाहेर बघा, तिथे जास्त स्पष्ट दिसतं.

एंड्युरन्स (लांब पल्ल्याच्या) शर्यतींमध्ये ग्रुप-सी हा गाड्यांचा वर्ग जोरात होता. मर्सिडीज, जग्वार, पोर्शे, निसान, टोयोटा, माझदा, प्रत्येकाचं इंजिन वेगळं, इंधन मोजून दिलेलं. १९९१ ला तिथे एफ-वनसारखं साडेतीन लिटरचं इंजिन आणलं. खासगी संघांना ते परवडेना, कंपन्यांनी हिशेब केला की एफ-वनचाच खर्च करायचा तर एफ-वनच का नको? १९९२ नंतर ती विश्वस्पर्धाच संपली. प्यूजोने आपलं व्ही-१० उचलून १९९४ ला मॅक्लारेनला दिलं. मर्सिडीजचा तिथला जोडीदार संघ झाउबर, त्याने मर्सिडीजला मागच्या दाराने एफ-वनमध्ये नेलं. माझदाचं रोटरी १९९१ ला ल मान्स जिंकलं आणि पुढच्या वर्षी त्याला जागाच नव्हती. जगातली एकच कंपनी ते इंजिन मनापासून बनवत होती, तिलाच सांगितलं ते घरी ठेवा.

उलटं उदाहरण अमेरिकेचं. १९६४ ला क्रायस्लरच्या ४२६ हेमीने डेटोना ५०० मध्ये पहिले तीन क्रमांक घेतले. त्या शर्यती भरवणाऱ्या नॅस्कारने १९६५ साठी म्हटलं, हे इंजिन दुकानात मिळत नाही, चालणार नाही. क्रायस्लरने बहिष्कार घातला, पण १९६६ ला तेच इंजिन रस्त्यावरच्या गाडीत घालून विकायला काढलं. 'स्ट्रीट हेमी' जन्माला आली ती गिऱ्हाइकाने मागितली म्हणून नव्हे, नियमाने मागितली म्हणून. दट्ट्या, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

दट्ट्या

जाळीबुवा, दंडवत. हेमीचा मुद्दा बिनतोड. पण तो काळ गेला ना? आता 'रस्त्यावर विकलं पाहिजे' असा नियम एफ-वनमध्ये नाही. मग सध्याच्या इंजिनांतून रस्त्यावर काय येतं?

अर्धवट_मेकॅनिक

सुटे भाग म्हणून फार थोडं. मर्सिडीजने २०१७ ला एफ-वनचं इंजिन जसंच्या तसं एएमजी वनमध्ये घालायचं ठरवलं. एफ-वनमध्ये ते ५,००० आरपीएमवर आयडल व्हायचं (गाडी उभी असताना फिरायचं), ते १,२००वर आणताना आणि प्रदूषणाच्या चाचण्यांत बसवताना वर्षं गेली. उत्पादन सुरू झालं २०२२ ला. तेही मोजक्या अतिश्रीमंतांसाठी. विजेवर फिरणारा टर्बो एएमजीच्या काही गाड्यांत आला हे मान्य.

खरं येतं ते दिसत नाही. ज्वलन, बॅटरी गरम-थंड करणं, इन्व्हर्टर, संगणकावर आधी सगळं चालवून बघणं. मर्सिडीजच्या इंजिनाने २०१७ ला चाचणीच्या बाकावर ५० टक्क्यांवर उष्मीय कार्यक्षमता दाखवली. पेट्रोल इंजिनाला हे जमतं हे एकदा कळलं की ते माणसाच्या डोक्यातून जात नाही. होंडा इंजिनिअरना काही वर्षं शर्यतीत घालून परत गाड्यांकडे आणते ती यासाठीच. माणूस येतो, नट-बोल्ट नाही.

तिरकस

'माणूस येतो' याची किंमत ताळेबंदात कुठे लिहितात? मी विचारतोय एवढंच.

कॅमशाफ्ट_काकू

दट्ट्याच्या मूळ प्रश्नाकडे येते. वर सगळ्यांनी लिहिलेलं एकत्र वाचलं तर मला वेगळंच दिसतं. नियम 'होतात' असं आपण म्हणतोय. नियम मागितले जातात, आणि मागणाऱ्याला ते फळतातच असं नाही.

छोट्या टर्बो इंजिनासाठी सर्वात जास्त हट्ट रेनोचा होता. त्याशिवाय आम्ही राहणार नाही असा सूर होता. आधी चार सिलिंडर ठरलं, फेरारीने नाक मुरडलं, मग व्ही-६ होऊन २०१४ वर गेलं. आलं, आणि २०१३ पर्यंत लागोपाठ चार वर्षं जिंकलेली रेनोच आडवी झाली. कर्स (ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून वापरणारी यंत्रणा) हवं म्हणून बीएमडब्ल्यू भांडली. २००९ ला ते आलं, बीएमडब्ल्यूने मधल्या काळातच काढून ठेवलं आणि त्याच वर्षी बाहेर. २०२६ साठी एमजीयू-एच काढा अशी मागणी ऑडी-पोर्शेची. ते काढलं. पोर्शेचं रेड बुलशी सप्टेंबर २०२२ ला फिसकटलं. ऑडी तेवढी आली.

म्हणून दट्ट्या, निमित्त नाही आणि कारणही नाही. पैज आहे. रेनोने दोनदा लावली, तिसऱ्यांदा लावली नाही.

जुनाट_जाळी

काकू, मांडणी सुरेख, पण सरसकट नको. साडेतीन लिटरच्या नियमावर प्यूजोने १९९२ आणि १९९३ दोन्ही ल मान्स मारल्या. ऑडीने डिझेलला जागा देणाऱ्या नियमांचा फायदा २००६ पासून वर्षानुवर्षं उपटला. तिला शेवटी तिथून उठवलं ते मूळ कंपनी फोक्सवॅगनच्या उत्सर्जन घोटाळ्याने. तयारी असलेल्याने नियम मागितला तर फळतो.

गियरमामा

पोर्शेचं उदाहरण दोन्ही बाजूंना लागू होतं. टर्बोच्या नियमात तीन विजेतेपदं. साडेतीन लिटरमध्ये १९९१ ला फुटवर्क संघाला व्ही-१२ दिलं, जड, आणि अर्ध्या हंगामात परत घेतलं, एकही गुण नाही. तीच कंपनी, नियम वेगळा. तयारी, जाळी, तयारीच.

नवखी

पण यावेळी नव्यांसाठी सोय केली आहे ना? इंजिनाच्या खर्चावर मर्यादा वगैरे?

अर्धवट_मेकॅनिक

हो. इंजिन बनवणाऱ्यांना २०२६ पासून वर्षाला १३ कोटी डॉलरची मर्यादा, आधी ९.५ होती. जो ठरावीक टक्क्यांनी मागे पडेल त्याला सुधारणेची जादा संधी. टोकनांच्या वेळचा धडा इथे कामाला आला. एमजीयू-एच गेल्याने शिकायचा सगळ्यात चढा डोंगर कमी झाला. ही सोय नसती तर ऑडी आली असती असं मला वाटत नाही.

तिरकस

आणि ऑडीचं इंजिन एकही शर्यत धावलेलं नसताना, २०२५ च्या सुरुवातीला एफआयएचे (नियम करणाऱ्या संघटनेचे) अध्यक्ष म्हणतात, शाश्वत इंधनावर व्ही-१० परत आणूया का! एप्रिलमध्ये बहारीनला बैठक घेऊन '२०२६ चं आहे तेच राहील' असं सांगावं लागलं. मग व्ही-८ ची चर्चा सुरू. ऑडीचे लोक कोणत्या चेहऱ्याने बसले असतील?

काकूंची पैज मान्य. पण टेबल मांडणारा मध्येच पत्ते बदलायचं म्हणाला तर तिला पैज म्हणायचं का?

दट्ट्या

तिरकस, हा मुद्दा मला माझ्या मूळ मतापेक्षा जास्त पटला. इंजिन उभं करायला तीन-चार वर्षं लागतात. नियम पाच वर्षं टिकला तर वसूल करायला उरतं काय?

जीएमचंच बघा. त्यांचा कॅडिलॅक संघ सुरुवातीला फेरारीचं इंजिन वापरणार, स्वतःचं २०२९ ला. आणि सध्याच्या नियमांची मुदत २०३० पर्यंत.

नवखी

म्हणजे दोन हंगाम?

पिटलेन_पंत

दोन हंगाम. आणि २०३१ ला काय येणार हे ठरवायच्या टेबलावर एक खुर्ची. माझ्या मते पैसे खुर्चीचे आहेत, इंजिनाचे नाहीत.

जुनाट_जाळी

पंत, तसं असेल तर रेनोने मोडलं काय, इंजिन की खुर्ची?

पिटलेन_पंत

दोन्ही. आता मर्सिडीज जे मत देईल त्यावर धावायचं.